फाईल नाही पाठवत, पत्र पाठवतोय

बाळा,

काल रात्री तुझा मेसेज वाचला. पंधरा दिवसात कृतिसंशोधन सबमिट करायचंय, तुमची जुनी फाईल स्कॅन करून पाठवा, शाळेचं नाव आणि आकडे बदलून टाकते, असं लिहिलंयस. कृतिसंशोधन म्हणजे शिक्षकानं आपल्याच वर्गातली अडचण घ्यायची, उपाय करून बघायचा आणि काय फरक पडला ते टिपायचं. तुझी आई लगेच म्हणाली पाठवा की, पोरगी एवढ्या लांब धडगावला एकटी आहे, आधीच दोन शिक्षकी शाळा, त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाईन माहित्या, कुठं लिहीत बसेल. मला पटत होतं पण रात्रभर झोप लागली नाही, कारण तू मागतीयस ती फाईल कशी तयार झालीय हे मी तुला कधी सांगितलंच नाही.

ती फाईल खोटी आहे. नोकरीला चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची. बाजारात गाईड मिळायचं, त्यात सगळा साचा तयार, समस्या, गृहीतक, पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, निष्कर्ष. मी विषय घेतला वाचनातल्या चुकांचा आणि आदल्या रात्री ओट्यावर बसून पूर्वचाचणीचे आणि उत्तरचाचणीचे दोन्ही आकडे एकाच बैठकीत एकाच पेनाने लिहून काढले. सगळी पोरं सुधारली असं दाखवलं. शाबासकी मिळाली, सर्टिफिकेट मिळालं, आणि त्यातली दोन पोरं पुढच्या वर्षी चौथीत गेली तेव्हाही त्यांना जोडाक्षर वाचता येत नव्हतं. मला त्याची लाज वाटते, आजही वाटते. म्हणून ती तुला देणार नाही.

खरं कृतिसंशोधन मी शिकलो २०१७-१८ ला, आपल्या अक्कलकोट तालुक्यातल्या त्या शाळेत, तू तेव्हा कॉलेजला होतीस. माझ्याकडे दुसरी होती, १९ मुलं, त्यातल्या १४ जणांच्या घरी कन्नड बोलतात. मी संख्या सांगायचो, मुलं पाटीवर लिहायची. बावन्न म्हणलं की निम्म्या पाट्यांवर २५. त्रेचाळीस म्हणलं की ३४. एकोणसाठ म्हणलं तर ६१, एकोणतीसला ३१. रोज रागवायचो, रोज तेच. मी घरी येऊन म्हणायचो पोरं लक्ष देत नाहीत, तुला आठवत असेल.

त्या वर्षी शिक्षण परिषदेत डाएटच्या, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेच्या, एक मॅडम आल्या होत्या. त्या म्हणाल्या सर, चुकीच्या पाट्या पुसू नका, आठवडाभर नुसत्या उतरवून घ्या, शिकवू नका, रागवू नका, नुसतं कोण काय लिहितं ते मांडा. मला ते वेळ घालवल्यासारखं वाटलं पण केलं. दोनशे पानी वही घेतली, आडवे मुलांचे नंबर, उभ्या संख्या, आणि प्रत्येकानं काय लिहिलं ते जसंच्या तसं. शनिवारी वही उघडली तर चुका विस्कळीत नव्हत्याच. दोनच गठ्ठे होते. एक अदलाबदलीचा, दुसरा एकोणचा. बाकी किरकोळ. मी वर्षानुवर्षं ज्याला दुर्लक्ष म्हणत होतो ते दुर्लक्ष नव्हतं ग, दुर्लक्षानं एकसारख्या चुका होत नाहीत.

मग मी काय केलं तर आपल्याला जे येतं तेच केलं. म्हणलं दशक-एकक कच्चं आहे. काड्यांचे गठ्ठे काढले, दोन आठवडे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या. आणि वहीत फरक शून्य! कारण फळ्यावर ५२ लिहिलं की तीच पोरं पाच गठ्ठे दोन काड्या बिनचूक उचलायची. दशक-एकक त्यांना समजत होतं. कानावर पडलं की तेव्हाच चुकायची. म्हणजे माझं गृहीतक चुकलं होतं, आणि जुन्या सवयीनं मी ते फाईलमधून काढूनच टाकलं असतं. मॅडम म्हणाल्या हेच पहिलं पान करा.

नंतर मोबाईल खिडकीत ठेवून माझाच तास रेकॉर्ड केला. ऐकायला फार जड गेलं. कुठलं मूल अडखळलं की मी तीन सेकंदसुद्धा थांबत नव्हतो, "अगं बावन्न, पाच आणि दोन" असं सांगून पुढं जायचो. म्हणजे उत्तर मी देत होतो आणि त्यांना येतंय असं समजत होतो. पण त्याच रेकॉर्डिंगमध्ये मागून एक बारीक आवाज होता. एक मुलगी लिहायच्या आधी पुटपुटत होती, ऐवत्तेरडु. आणि तिनं बरोबर ५२ लिहिलं होतं.

बघ आता. कन्नडमध्ये ऐवत्तु म्हणजे पन्नास, एरडु म्हणजे दोन. जसं म्हणतात तसंच लिहायचं, आधी पाच मग दोन. मराठीत बावन्नमधला "बा" आधी येतो, तो दोनचा, आणि पन्नास मागून. कानाला आधी दोन ऐकू येतो आणि हात आधी दोन लिहितो. आणि एकोणसाठ, म्हणजे एक ऊन साठ, साठाला एक कमी. लेकराच्या कानावर एक पडतो आणि साठ पडतो, तो ६१ लिहिणार नाही तर काय करणार. त्याच्या घरी ते ऐवत्तोंबत्तु आहे, पन्नास आणि नऊ, तिथं वजाबाकीच नाही. आपण मोठी माणसं हे सगळं पाठ करून विसरून गेलोय म्हणून आपल्याला दिसत नाही.

मग पुढची फेरी. मी संख्या मराठीत सांगायची, मुलांनी ती आधी कन्नडमध्ये मोठ्यानं म्हणायची, मग लिहायची, मग परत मराठीत वाचायची. मला कन्नड मोडकंतोडकं येतं तर मुलंच मला दुरुस्त करायची आणि त्यांचे चेहरे इतके खुलायचे, वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा मला एक ते शंभर शिकवत होता. काही पालक येऊन म्हणाले गुरुजी मराठी शाळेत घातलंय ते मराठी यावं म्हणून, कन्नड कशाला. त्यांचं म्हणणं रास्त होतं. मी त्यांना वही दाखवली, पोराच्या आधीच्या पाट्या आणि आत्ताच्या, एवढंच.

सहा आठवड्यांनी अदलाबदल बरीचशी गेली, कन्नड घरच्या १४ पैकी ११ जणांची. एकोण मात्र गेलं नाही. त्याच्यासाठी संख्यारेषा आखली व्हरांड्यात खडूनं, साठावर उभं राहायचं आणि एक पाऊल मागं, एकोणसाठ. त्यानं काहींचं जमलं, पाच जणांचं शेवटपर्यंत नाही जमलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर दोघंजण परत उलटं लिहायला लागले. आणि मराठी घरच्या मुलांना या सगळ्याचा काहीच उपयोग झाला नाही, त्यांच्यासाठी मी "पन्नास आणि दोन, बावन्न" असं जोडून म्हणायला लागलो. हे सगळं जसंच्या तसं लिहून दिलं. या वेळी सर्टिफिकेट नाही मिळालं, त्याचं मला काही वाटलं नाही.

पुढं २०१९ ला बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक आलं, त्यात वीस एक, वीस दोन असं वाचन दिलं होतं आणि केवढा गदारोळ झाला, पार विधिमंडळात चर्चा. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाई शांतपणे सांगत होत्या की मुलांना हे जड जातं, दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधीच म्हणतात. मी टीव्हीसमोर बसून तुझ्या आईला म्हणत होतो अगं हे माझ्या वहीत आहे. जुनी नावं राहावीत असं मलाही वाटतं, बावन्न-त्रेपन्न ही आपल्या भाषेची संपत्ती आहे, पण पोराला पहिली पायरी सोपी दिली तर बिघडतं कुठं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

तुमच्या डीएलएडच्या, शिक्षक पदविकेच्या, नोट्समध्ये कुर्त लेविनचं नाव असेल, १९४६ चा त्याचा कृतिसंशोधनावरचा लेख, मग १९५३ ला कोरीनं ते अमेरिकेतल्या शाळांत आणलं, नंतर इंग्लंडात स्टेनहाऊस म्हणाला की संशोधक शिक्षकानंच व्हावं. परीक्षेपुरतं पाठ केलंस ते ठीकच. नियोजन, कृती, निरीक्षण, चिंतन आणि परत नियोजन, हे चक्र मला मात्र पुस्तकातून नाही कळलं, काड्यांचे गठ्ठे फुकट गेले तेव्हा कळलं. एकदा फिरून ते थांबत नाही आणि म्हणूनच पंधरा दिवसात होत नाही. केंद्रप्रमुखांना सरळ सांग की मी पहिली फेरी देते, पुढचं चालू आहे असं लिहिते. ऐकतील. नाही ऐकलं तर थोडी बोलणी खा, पण आकडे बनवू नकोस. तू शिक्षण सेवक आहेस, नोकरी कायम व्हायचीय, भीती वाटणार, ती मला कळते. तरी पण नको.

आणि विषय शोधायला कुठं जाऊ नकोस. मागच्या फोनवर तूच म्हणालीस की तुझी पहिलीची मुलं घरी पावरी, तिथल्या पावरा आदिवासींची भाषा, बोलतात आणि वर्गात मुकी होऊन बसतात, तू काही विचारलंस की नुसती बघत राहतात. हाच तुझा विषय. फक्त "मुलं बोलत नाहीत" असं लिहू नकोस, "मी काय विचारते तेव्हा ती बोलत नाहीत आणि काय विचारते तेव्हा बोलतात" असं लिही. आठवडाभर नुसतं टिपून काढ. मधल्या सुट्टीत ती एकमेकांशी काय बोलतात ते ऐक, समजलं नाही तरी ऐक, मोठ्या वर्गातल्या एखाद्या मुलीला शेजारी बसव. एकदा तुझा तास रेकॉर्ड कर आणि विचारल्यावर किती सेकंद थांबतेस ते मोज. मला पावरीतलं एक अक्षर येत नाही त्यामुळं पुढचं तुझं तुलाच, पण वहीतली पानं रोज रात्री व्हॉट्सॲपवर टाक, मी वाचेन. रेंज नसली तर रविवारी बाजाराला उतरशील तेव्हा सगळी एकदम टाक.

या पत्राबरोबर एक दोनशे पानी वही पाठवतोय, पहिल्या पानावर उभे-आडवे रकाने आखून दिलेत, नंबरांच्या जागी तुझी मुलं भर. पार्सलमध्ये शेंगाचटणी आहे, आईनं तिखट कमी केलंय.

तुझे अप्पा