सुध्यास, सांगलीहून

सांगली, रविवार रात्री

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. शिव्या जपून ठेव, भेटल्यावर घाल. माझी शुगर आहे तशीच, आईचा गुडघाही तसाच. हळदीचा हंगाम चालू आहे, दुकानातून मान वर काढता येत नाही. पण गेल्या आठवड्यात जे झालं ते इथं कुणाला सांगू? आईला सांगितलं तर पोराच्या आधी मलाच अंगारा लावील.

ते पोरगं आठवतंय ना? मला 'काका' म्हणायचं, आणि एकदा आपल्यासारख्या गे पुरुषांच्या डेटिंग ॲपवर माझा बिनचेहऱ्याचा फोटो ओळखल्यापासून 'दादा' म्हणायला लागलं, ते. सोमवारी संध्याकाळी दुकानात आलं आणि अगदी निवांतपणे सांगायला लागलं, शनिवारी रात्री विश्रामबागेकडं एका फ्लॅटवर गेलो होतो म्हणून. ॲपवरून बोलावणं, 'हाय फन', म्हणजे नशेतली मजा, आहे म्हणाले. याला वाटलं दारू असेल. निघालं एमडी, म्हणजे मेफेड्रोन, नशेची पूड. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुपवाडात एमडीचा साठा पकडला तेव्हा आपण फोनवर किती हसलो होतो, हळदीच्या गावात आता हेही पिकायला लागलं म्हणून. ती पूड नाकात गेली की झोप नाही, भूक नाही, आणि खिशातल्या कंडोमची आठवणही नाही.

आणि हा निवांत का, तर रविवारी दुपारी त्यातल्याच कुणी तरी दिलेल्या प्रेपच्या, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या औषधाच्या, दोन गोळ्या याने गिळल्या होत्या. रीलमध्ये पाहिलं होतं म्हणे, दोन गोळ्या घेतल्या की झालं. रील खोटं नव्हतं रे, हीच तर पंचाईत. त्या दोन गोळ्या संबंधाच्या आधी घ्यायच्या असतात, किमान दोन तास आधी, आणि मग पुढचे दोन दिवस रोज एक. होऊन गेल्यावर लागतं ते पेप, ते वेगळं औषध. ते जितकं लवकर तितकं बरं, पण ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचं. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये 'आधी' हा शब्द बसला नसेल.

म्हटलं, समोरच्याला विचारलंस तरी का? म्हणाला, 'प्रोफाइलवर निगेटिव्ह लिहिलंय, तारखेसकट.' तारीख जानेवारीची. जानेवारीनंतर तो माणूस काय देवळात बसून होता?

तू आता उसळशील, ठाऊक आहे. ॲपनं आपल्याला माणसं दिली, हे तुझं पालुपद. ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ चा निकाल लागला, आपण गुन्हेगार राहिलो नाही, तेव्हा 'आता तरी चेहरा टाक' म्हणून फोनवर ओरडलास आणि मी टाकला नाही म्हणून दसऱ्यापर्यंत बोलला नाहीस. ते भांडण मी अजून सोडलेलं नाही. पण ॲप नव्हतं तेव्हासारखं माणूस भेटावं म्हणून आयर्विन पुलाखाली डास मारत उभं राहणं मलाही परत नकोय. पोरांनी फोन टाकून द्यावा असं मी म्हणतच नाही. याचा फॅमिली डॉक्टर याच्या बापाबरोबर कॅरम खेळतो. त्याला हे पोरगं काय विचारणार? मग विचारतं इन्स्टाला. आणि इन्स्टा त्याला गोळीही सांगतं आणि अंगही दाखवतं. जिममधला एक जण इंजेक्शन द्यायला तयार आहे म्हणाला, तसलं अंग हवं तर. म्हटलं, घे, पण त्या स्टेरॉइडनं खालच्या गोट्या आक्रसतात. तेव्हा पहिल्यांदा दचकलं बघ! एचआयव्हीला नाही, याला.

त्याच रात्री एका खाजगी डॉक्टरकडं नेलं. नाव लिहीत नाही. त्यानं औषध सोडून लग्नाचं वय सांगितलं. मंगळवारी सकाळी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी फक्त 'किती तास झाले?' एवढं विचारलं, रक्त घेतलं, आणि गोळ्या हातात आल्या. रोज एक.

रांगेत मला एचआयव्हीनं गेलेला आपला विन्याच दिसत होता. सरकारनं फुकट औषधं सुरू केली १ एप्रिल २००४ ला, तीही आधी मोजक्याच रुग्णालयांत. आपला मर्द तेवढंही थांबला नाही. पोराला हे सांगायला गेलो तर म्हणतं, 'दादा, आता त्यानं कुणी मरत नाही.' रोज औषध घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला, आणि तसाच राहिला, की त्याच्याकडून संबंधातून तो पसरतही नाही, हे मीच त्याला सांगितलेलं, त्याची भीती जावी म्हणून. पण औषध मिळायला आधी तपासणीच्या दारात जावं लागतं. शनिवारी ज्यांच्यात बसला होता, त्यांच्यातलं कोण गेलंय? विचारलं तर म्हणाला, ग्रुपवर कुणीच काही बोलत नाही, फक्त पुढच्या शनिवारचं ठरतंय. मर्दा, हे ऐकल्यापासून माझी झोप उडालीय.

रोज रात्री नऊला मी त्याला मेसेज करतो, तो गोळी घेऊन अंगठा पाठवतो. काल अंगठा आला नाही, तर घराखाली जाऊन स्कूटरचा हॉर्न वाजवत बसलो. त्याची आई गॅलरीत आली. म्हटलं, हळदीचे पैसे राहिलेत.

तुझ्या फ्लॅटचं काय झालं? सोसायटीचा तो सेक्रेटरी गप्प बसला का? अभ्याच्या नोकरीचं ऐकलं, बरं झालं.

काम एवढंच. पोरगं जूनमध्ये नोकरीला पुण्यात येतंय. तीन महिन्यांची तपासणी तेव्हाच येते. त्याच्याबरोबर तू जा. आधी मिसळ खायला घाल, भाषण देऊ नकोस, आणि तुझा तो पार्ट्यांचा ग्रुप त्याला दाखवू नकोस. नंबर व्हॉट्सॲपवर टाकतो. भडंग पार्सलनं पाठवतोय, अभ्याला निम्मं दे.

तुझा,
दिग्या