बर्फातल्या स्टर्जनला बाहेर ओढू नका

संपादक महोदय,

मित्राच्या खासगी तळ्यावर आम्ही गोठलेल्या बर्फाला भोक पाडून स्टर्जन धरतो. आमिष तळाशी टेकवावं लागतं. तोंडापुढच्या चार मिशांनी चाचपत हा मासा खाणं शोधतो. गळाला ओढ बसली की सगळे धावतात आणि फोटोसाठी मासा बाहेर काढतात. याचाच मला राग येतो. कडाक्याच्या थंडीत त्याचे ओले कल्ले, डोळे बघता बघता गोठतात. कित्येक जातींत मादीला पहिल्यांदा अंडी धरायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात, तिचे असे हाल का? सोडायचाच असेल तर गळ पाण्यातच काढा.

आणि हो, पारदर्शक बर्फ किमान १० सेंटिमीटर जाड हवा. पांढरा बर्फ बराच कच्चा. त्यावर घोळका करू नका.

– एक गळकरी