रिपोर्टखाली सही करणाऱ्या मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

गाठीचा तुकडा तपासून रिपोर्ट देणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला कुणी पेढे नेऊन देत नाही. पेढे सर्जनला, फार तर ऑन्कॉलॉजिस्टला. म्हणून तुमचे आभार असे चारचौघांत मानते आहे.

बाबांच्या मोठ्या आतड्यातली गाठ कळली तेव्हाच आजार लिव्हरमध्ये पोचला होता. आतड्यातलं रक्त आधी लिव्हरकडेच जातं, त्यामुळे हा कॅन्सर बहुधा पहिल्यांदा तिथेच पसरतो. तुमच्या पहिल्या रिपोर्टात केरास जनुकात बदल नव्हता, म्हणून केमोबरोबर सेटुक्सिमॅब हे औषध सुरू झालं (केरास बदललेलं असेल तर ते चालत नाही). तोंडावर पुरळ उठलं, सीईए (रक्तातला या कॅन्सरचा एक निर्देशक) उतरला, गाठी आक्रसल्या. काही महिन्यांनी सीईए पुन्हा चढू लागला आणि रक्तात उतरलेल्या गाठीच्या डीएनएच्या तुकड्यांत केरासमधला बदल सापडला.

घरात पंचनामा सुरू झाला. कुणी म्हणे पहिला रिपोर्टच चुकला, कुणी म्हणे बाबा लग्नात जेवले ते नडलं. आत्याने काढा बंद केल्याचं खापर आईवर फोडलं. (काढ्याची ही विद्या प्रत्येक घरात एकाकडे असतेच.) मी ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) घ्यायला तुमच्या लॅबमध्ये आले, दुसरीकडे तपासून घ्यावेत म्हणून. तुम्ही ब्लॉक दिलेत, आणि वर दोघांना एकदम बघता येतं अशा मायक्रोस्कोपपुढे बसवलंत.

एकाच स्लाइडवर एका बाजूला पेशींनी आतड्यासारख्या नीट गोल ग्रंथी केल्या होत्या. गाठीच्या कडेला मात्र पेशी घोळक्यातून सुटून एकेकट्या, दोनदोनच्या गटाने बाहेर निघाल्या होत्या. गाठ एकच, पण आतली माणसं वेगळी, असं तुम्ही म्हणालात. काही पेशींची जनुकंच वेगळी असतात. काहींची जनुकं तीच, पण वागणं वेगळं: काही भराभर वाढतात, काही दबा धरून बसतात. त्यांच्यामध्ये शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारपेशी आणि तंतू विणणाऱ्या पेशीही असतात.

मग तुम्ही केरासचं सांगितलंत. सेटुक्सिमॅब पेशीच्या पृष्ठभागावरचा ईजीएफआर रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं दार, अडवतं, म्हणजे ‘वाढ’ हा हुकूम आत जात नाही. केरास त्या रिसेप्टरच्या खालच्या टप्प्यावर आहे. तेच बिघडून कायम चालू राहिलं तर वरचं दार बंद करून उपयोग नाही. अशा थोड्या पेशी बहुधा सुरुवातीपासूनच असाव्यात, पण इतक्या कमी की तपासणीत दिसल्या नाहीत. औषधाने बाकीच्या मारल्या आणि यांना मोकळं रान मिळालं. २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याच गटातल्या औषधावर असलेल्या, आधी केरास न बदललेल्या २४ रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा ९ जणांत हा बदल नव्याने दिसला, बहुतेक पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास. बाबांचं वेळापत्रक जवळपास तेच होतं.

बाबांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, “म्हणजे तणनाशक मारल्यासारखंच. जे तण मरत नाही तेच मग रान धरतं.” शेतकऱ्याला क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेली पिलावळ, शिकवावा लागत नाही.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. तुम्ही स्वतः फोन मागून घेऊन आईशी बोललात. “ताई, पहिला रिपोर्ट बरोबर होता, दुसराही बरोबर आहे. मधल्या काळात तुम्ही काय खायला घातलं यावर हे ठरलेलं नाही,” एवढंच. हे काम तुमच्या पगारात बसत नाही, कुठल्या बिलात तर नाहीच. आईने त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी स्वतःसाठी ताट वाढून घेतलं. आत्या अजून काढ्याचं म्हणते, पण आता आई ऐकून सोडून देते.

आता सेटुक्सिमॅब बंद आहे, दुसरी केमो चालू आहे. परवाच्या रक्तात बदललेल्या केरासचं प्रमाण उतरलंय. औषधाचा दाब निघाला की या पेशींचं वर्चस्व ओसरू शकतं, हे तुम्ही सांगितलंच होतं. आमचे डॉक्टर याच गटातलं औषध पुन्हा देऊन बघता येईल का याचा विचार करताहेत. इटलीतल्या क्रोनॉस चाचणीचे निकाल २०२२ मध्ये आले: असे बदल आता रक्तात नाहीत हे तपासून निवडलेल्या २७ जणांना याच गटातलं पॅनिटुमुमॅब दिलं, त्यातल्या ८ जणांच्या गाठी बऱ्यापैकी लहान झाल्या. आकडा लहान आहे हे आम्हाला कळतं. तरी बाबांनी तो कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय आणि एक प्रश्न विचारलाय. लिव्हरमधल्या दोन गाठी कमी होताहेत, तिसरी तशीच आहे. रक्तात तिन्ही गाठींच्या डीएनएचे तुकडे येत असतील, तर तिसरीचे किती हे ओळखता येतं का? सवडीने कळवा.

आपली कृतज्ञ,
एका पेशंटची मुलगी