चांदीचं नाणं आपल्या बँकेच्या पाकिटात मिळणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या बँकेतून नाण्यांचे कागदी रोल आणायचे आणि ते फोडून त्यातली जुनी चांदीची नाणी वेचायची, अशा चित्रफिती सध्या मोबाइलवर भरपूर फिरतात. त्या पाहून आपल्याकडेही काही मंडळी बँकेत जाऊन शंभर-शंभर नाण्यांची पाकिटं मागतात आणि रोखपालाला विचारतात, "यात चांदीची निघतील ना?" निघणार नाहीत. आपल्या रुपयातली चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली, त्याआधीची जास्त चांदीची नाणी सरकारने युद्धकाळातच परत मागवली आणि १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा निघाला. आजच्या पाकिटात पोलाद, तांबं-निकेल आणि पितळ एवढंच असतं.

अमेरिकेत मात्र शोध खरा आहे. १९६४ पर्यंतचे डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट) आणि हाफ डॉलर ९० टक्के चांदीचे होते. १९६५ च्या कायद्याने पहिल्या दोघांतली चांदी पूर्ण गेली, हाफ डॉलरमध्ये ती ४० टक्के उरली आणि १९७१ पासून तीही संपली. पण जुनी नाणी बाद केली नाहीत. १९६४ चा हाफ डॉलर आजही दुकानात ५० सेंटला चालतो, म्हणूनच तो कधीमधी कुणाच्या गल्ल्यातून बँकेत येतो. त्यात सव्वाअकरा ग्रॅम चांदी असते, म्हणजे जुन्या मापाने जवळजवळ तोळाभर.

आपल्याकडचे कितीतरी आजी-आजोबा मुलांकडे न्यू जर्सीला, कॅलिफोर्नियाला पाच-सहा महिने राहायला जातात. दुपार मोठी असते, नातवंडं शाळेतून आलेली असतात. हा छंद त्यांच्यासाठी फार चांगला आहे, तेव्हा नीट सुरुवात कशी करावी ते सांगतो.

बँकेत मुलाला किंवा सुनेला बरोबर न्या, कारण रोल सहसा खातेदारालाच देतात. रोलचं गणित ठरलेलं आहे. हाफ डॉलरच्या रोलमध्ये २० नाणी (१० डॉलर), क्वार्टरच्या ४० (१० डॉलर), डाइमच्या ५० (५ डॉलर), निकेलच्या, म्हणजे पाच सेंटच्या, ४० (२ डॉलर) आणि पेनीच्या, म्हणजे एका सेंटच्या, ५० (अर्धा डॉलर). पन्नास रोलचं एक खोकं. हाफ डॉलरचं खोकं ५०० डॉलरचं आणि अकरा किलोंहून जड असतं. ते आजोबांनी उचलू नये. पहिल्या वेळी हाफ डॉलरचे चार-पाच रोल आणि निकेलचं एक खोकं, एवढंच आणावं. दीडशे डॉलर गुंततात आणि सगळे परत मिळतात, कारण नाण्याची दर्शनी किंमत कुठे जात नाही.

काउंटरवर मागताना 'कस्टमर रॅप्ड' रोल आहेत का, असं विचारा. म्हणजे कुणी गिऱ्हाइकाने घरी हाताने गुंडाळून भरलेले. आजोबांच्या कपाटातली बरणी रिकामी झाली की ती अशाच रोलमधून बँकेत पोचते. यंत्राने गुंडाळलेल्या, दोन्ही तोंडं घट्ट दुमडलेल्या रोलमध्येही सापडतं, पण कमी. टांकसाळीतून आलेल्या कोऱ्या करकरीत नाण्यांच्या रोलमध्ये चांदी नसतेच. अपवाद म्हणून २०१९ आणि २०२० च्या क्वार्टरवर 'डब्ल्यू' अक्षर आहे का तेवढं पाहावं. वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीने ती नाणी मुद्दाम चलनात सोडली होती, प्रत्येक नमुन्याची सुमारे २० लाख.

रोल फोडल्यावर आधी नाणी मोजा. वीसऐवजी एकोणीस निघणं किंवा मध्येच परकं नाणं बसलेलं असणं नेहमीचं आहे. सगळे रोल एकत्र ओतून बसलात तर घाटा कुठे झाला ते कळत नाही. मग नाण्यांची चळत हातात आडवी धरून फक्त कड पाहा. साध्या नाण्याच्या कडेवर तांब्याची लालसर रेघ स्पष्ट दिसते, कारण ते तांब्याच्या गाभ्यावर निकेल-मिश्रणाचे पत्रे चढवून केलेलं असतं. चांदीच्या नाण्याची कड सलग पांढुरकी असते. चाळीस नाण्यांच्या चळतीत ते एक पांढरं कडं डोळ्यांत भरतं, नातवाला तर आपल्या आधी दिसतं. नवखे चुकतात ते ४० टक्केवाल्या हाफ डॉलरमध्ये. त्याच्या कडेवरही फिकट मातकट छटा असू शकते आणि माणूस तो बाजूला टाकतो. शंका आली की साल वाचा. १९६५ ते १९७० असेल तर ठेवा. १७७६-१९७६ असं दुहेरी साल असलेले हाफ डॉलर ढिगाने निघतात. त्यांतले चांदीचे फक्त संग्राहकांसाठीच्या संचांतून विकले गेले आणि त्यांवर टांकसाळीचं 'एस' अक्षर असतं. पण 'एस' दिसलं म्हणजे चांदी असं नव्हे, साधेही आहेत. तिथे पुन्हा कडच पाहावी.

वजनकाटा घ्यायचा तर सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा घ्या. ९० टक्के चांदीचा हाफ डॉलर १२.५० ग्रॅम, ४० टक्क्यांचा ११.५० आणि साधा ११.३४. शेवटच्या दोघांत जेमतेम सोळा शतांश ग्रॅमचा फरक आहे आणि झिजलेलं नाणं तोही खाऊन टाकतं. क्वार्टर ६.२५ विरुद्ध ५.६७ आणि डाइम २.५० विरुद्ध २.२७, तिथे काटा उपयोगी पडतो.

निकेलच्या बाबतीत कड आणि काटा, दोन्ही निरुपयोगी. नाव निकेल असलं तरी १९४२ च्या मध्यापासून १९४५ पर्यंत युद्धासाठी निकेल धातू वाचवायचा म्हणून हे नाणं ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगनीज असं पाडलं गेलं. वजन तेच, पाच ग्रॅम. ओळखायचं ते मागच्या बाजूने. तिथे अमेरिकेचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या घराचा घुमट आहे आणि त्या घुमटाच्या डोक्यावर मोठं 'पी', 'डी' किंवा 'एस' अक्षर. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचं 'पी' अमेरिकी नाण्यावर पहिल्यांदा आलं ते याच नाण्यावर. १९४२ साल आहे पण घुमटावर अक्षर नाही, तर ते साधं. मँगनीजमुळे ही नाणी मळकट, काळपट होतात, तेव्हा खोक्यातलं कळकट नाणं आधी उलटून पाहावं. निकेलमध्ये चांदी पावणेदोन ग्रॅमच असते, पण तरीही सुरुवातीला हेच खोकं मी सुचवतो. शंभर डॉलरमध्ये दोन हजार नाणी पाहायला मिळतात, मुलांना सालं वाचायची सवय लागते आणि १९३८ पूर्वीचं रेडा-छापाचं नाणंही कधी हाती येतं.

पेनीत चांदी नाही, पण १९५८ पर्यंतच्या नाण्यांच्या मागे गव्हाच्या दोन ओंब्या आहेत, त्या राखून ठेवाव्यात. मधूनमधून कॅनडाची नाणीही निघतात. १९२० ते १९६६ चे तिथले डाइम आणि क्वार्टर ८० टक्के चांदीचे, आणि चुंबकाला चिकटलं तर चांदी नाही.

अनेक रोल रिकामे जातात. एखादं पूर्ण खोकंही जातं, कारण आपल्याआधी दुसऱ्या कुणी ते चाळलेलं असतं. म्हणूनच पाहून झालेली नाणी ज्या बँकेतून आणली तिथे भरू नका, दुसऱ्या बँकेत भरा. नाहीतर पुढच्या आठवड्यात आपलीच नाणी आपल्याला परत येतात, आणि काउंटरवरची माणसं कंटाळतात ते वेगळंच. भरण्यापूर्वी त्या बँकेत मोजणीचं शुल्क आहे का ते विचारून घ्या. नाणी मोजणाऱ्या यंत्राचा नाकारलेल्या नाण्यांचा कप्पा मात्र जरूर पाहा. चांदीचं नाणं यंत्राला ओळखू येत नाही, ते बाहेर फेकतं आणि लोक ते तिथेच सोडून जातात.

सापडलेलं नाणं घासू नका. पितांबरी, चिंच, टूथपेस्ट, काहीही नको. घासलेल्या नाण्याची संग्राहकाकडची किंमत तिथेच पडते. कडेला धरा आणि पुठ्ठ्याच्या चौकटीत ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. चौकटीतून नाणं काढायचं तर आधी तिच्या स्टेपलच्या टाचण्या काढा, कारण बाहेर ओढताना टाचणीचा ओरखडा नेमका चेहऱ्यावरून जातो.

परतीच्या सामानाबद्दलही सांगायला हवं. पेनी आणि निकेल वितळवणं आणि मोठ्या प्रमाणावर देशाबाहेर नेणं याला अमेरिकेत २००६ पासून बंदी आहे. प्रवाशाला अंगावर किंवा सामानात पाच डॉलरपर्यंत, आणि छंदासाठी असल्याचं स्पष्ट असेल तर २५ डॉलरपर्यंत नेता येतात. चांदीची नाणी इकडे आणण्यापेक्षा नातवंडांच्या अल्बममध्येच राहू द्यावीत.

आपल्या बँकेची पाकिटं अगदीच व्यर्थ आहेत असं नाही. सालाखाली पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता, अशा चारही टांकसाळींच्या खुणांनिशी एकेका सालाचा संच जमवायला मजा येते. १९९९ चं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं किंवा २००७ चं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं नाणं पाकिटात मिळालं तर वेगळं काढावं. पण हा संग्रह आहे, लॉटरी नव्हे. वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असं सांगणारा फसवतोच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क मागितलं जातं, बँकेचा त्याच्याशी काही संबंध नाही, असा खुलासा तिने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे केला आहे. तेव्हा 'तुमच्याकडे हे नाणं असेल तर तुम्ही लखपती' अशा मथळ्यांच्या बातम्या आपल्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर येऊ नयेत, आणि आल्याच तर त्यांखाली हा खुलासा ठळक छापावा, एवढी विनंती.

आपला,
एक नाणेसंग्राहक, ठाणे