पाणी येणारा डोळाही कोरडा असू शकतो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवड्यांनी पुष्कळ ज्येष्ठांची एकच तक्रार असते: दिसते छान, पण डोळा वाळू गेल्यासारखा खुपतो आणि सारखे पाणी येते. लेन्स नीट बसली नाही, अशी शंका घरचेही घेतात. बहुधा ती कोरडेपणाची लक्षणे असतात. अश्रूंचा थर टिकत नाही, कॉर्निया (डोळ्यावरचा पारदर्शक पडदा) उघडा पडून चुरचुरतो आणि मग डोळा एकदम पाणी सोडतो. ते गालावर ओघळते, डोळ्यावर टिकत नाही.

फेको (छोट्या चिरेतून मोतीबिंदू काढण्याच्या) शस्त्रक्रियेतली चीर दोन-तीन मिलिमीटरचीच असते, पण तिच्यात कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात. संवेदना मंदावते, पापण्या कमी लवतात. शिवाय औषधी थेंबांतले बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखे प्रिझर्व्हेटिव्ह (थेंब टिकवणारे रसायन) रोज डोळ्याला लागते. बहुतेकांचा त्रास साधारण तीन महिन्यांत ओसरतो. मधुमेहींना कधी जास्त वेळ लागतो.

यावर कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के किंवा सोडियम हायलुरोनेटचे थेंब (कृत्रिम अश्रू, म्हणजेच ‘थंडाव्याचे’ थेंब) देतात, बहुधा दिवसातून चार वेळा. त्याहून जास्त वेळा लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. जेलने थोडा वेळ धूसर दिसते, म्हणून ते झोपताना.

चूक होते ती घालण्यात. तीन बाटल्यांचे थेंब एका मिनिटात उरकले की दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. हात धुवावेत, खालची पापणी ओढून खोबणीत एकच थेंब सोडावा (डोळ्यात तेवढाही पुरता मावत नाही), बाटलीचे टोक पापणीला लावू नये. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलका दाबावा. दोन थेंबांत किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. आधी औषध, मग थंडाव्याचे थेंब, जेल किंवा मलम शेवटी.

सर्वांत घातक गफलत बाटल्यांची. ऑपरेशननंतर दिलेली स्टिरॉइडची (सूज उतरवणाऱ्या औषधाची) बाटली साधारण चार ते सहा आठवडे, मात्रा कमी करत बंद करायची असते. तिने लाली उतरते, बरे वाटते, म्हणून काहीजण तीच ‘थंडाव्याची’ समजून केमिस्टकडून पुन्हा आणतात. त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो, आणि तो दुखत नसल्याने कळतही नाही. बाटलीवर मार्करने ठळक लिहावे: ‘औषध, अमुक तारखेला बंद’ आणि ‘थंडावा’. उघडल्याची तारीखही टाकावी. बहुतेक बाटल्या महिन्याने फेकायच्या असतात. गुलाबपाणी, मध तर मुळीच नको.

घोडबंदर रोडच्या धुळीत किंवा ठाणे-वाशी लोकलच्या खिडकीशी बसताना चष्मा लावावा. रात्री पंख्याचा झोत तोंडावर नको. मात्र दुखणे वाढले, नजर कमी झाली, डोळा लाल झाला किंवा पू आला तर थेंबांवर विसंबू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या रुग्णालयांना आणि शिबिरे भरवणाऱ्या संस्थांना विनंती: डिस्चार्ज कार्डावर मोठ्या मराठी अक्षरांत प्रत्येक बाटलीची वेळ, क्रम आणि बंद करायची तारीख छापावी, आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाकडून एक थेंब समोर घालून घ्यावा.

आपला,
एक ऑप्टोमेट्रिस्ट, नौपाडा, ठाणे (प.)