ब्लॅक मेटलची बातमी १९९३ मध्येच का अडकली?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ब्लॅक मेटल या संगीतप्रकारावर (हेवी मेटलची एक वेगवान, कर्कश शाखा) अर्धे पान आले होते. हा शब्द मराठी पेपरात छापून आला याचेच मला आधी अप्रूप वाटले, म्हणून चहा बाजूला ठेवून वाचायला घेतले. नॉर्वेतली जळकी चर्चे, १९९३ सालचा खून, चुना फासल्यासारखी पांढरी तोंडे करून उभ्या पोरांचा तोच जुना फोटो आणि शेवटी पालकांना सावधगिरीचा इशारा. मथळा होता ‘नवे अल्बम, नवा धोका’. पण लेखात एकाही नव्या अल्बमचे नाव नव्हते.

जे छापले ते खोटे नाही. १९९२ च्या जूनमध्ये बर्गनजवळचे फान्टॉफ्टचे लाकडी चर्च जळाले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मेहेम बँडच्या गिटारवादकाचा खून झाला, आणि त्यासाठी त्याच वर्तुळातल्या व्हार्ग विकर्नेस या संगीतकाराला २१ वर्षांची शिक्षा झाली. तो २००९ मध्ये सुटलासुद्धा. खुनाच्या वर्षी जन्मलेली मुले आता आपल्या पोरांना बालवाडीत सोडायला जातात, आणि आपण अजून तीच बातमी ताजी म्हणून वाढतो.

माझे बाबा पेडण्याकडच्या एका दशावतारी मंडळात चाळीस वर्षे पखवाजावर बसले. जत्रेच्या रात्री नाटकाआधी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापायचा, अंगठ्याने कडेकडेने पसरवायचा, थाप मारून बघायची, पुन्हा थोडी कणीक काढायची. मनासारखा ‘धुं’ निघेपर्यंत ते कोणाशी बोलत नसत. अशा माणसासमोर मी एकदा डार्कथ्रोन या नॉर्वेच्याच बँडचा १९९४ चा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ लावला. पाच मिनिटे ऐकून म्हणाले, “सम खंय रे?” मला उत्तर देता येईना. हात आणि पाय आलटून पालटून, न थांबता, अतिवेगाने मारत राहायचे याला ‘ब्लास्ट बीट’ म्हणतात. त्यात ठेका इतका दाट होतो की तो ठेका न वाटता कौलांवर कोसळणाऱ्या आषाढातल्या पावसासारखा एकसंध आवाज वाटू लागतो. वर गिटारची एकच तार भराभर छेडलेली. बाबांना ते आवडले नाही, पण त्यांचा प्रश्न मात्र अचूक होता. तुमच्या अर्ध्या पानात असा एक प्रश्न असता तर हे पत्र लिहिलेच नसते.

मग २०२४ च्या जूनमध्ये आलेला अल्सरेटचा ‘कटिंग द थ्रोट ऑफ गॉड’ ऐकवला. नाव ऐकून आईने देवघराचे दार लोटून घेतले, ते वेगळे. न्यूझीलंडच्या ऑकलंडची ही तिघांची मंडळी. त्यांचा ड्रमर जेमी सेंट मेरा हा ठेका नुसता पळवत नाही, मध्येच मोडतो, लांबवतो, पुन्हा बांधतो. बाबांनी मांडीवर बोटे धरायचा प्रयत्न केला, दोनदा चुकले, आणि हसून म्हणाले, “हात बरो आसा.” त्यांच्या तोंडून ही दाद मला उभ्या आयुष्यात मिळालेली नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशनचा ‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’ आला. डेथ मेटलचा, म्हणजे मेटलच्याच गुरगुरत्या गायकीच्या शाखेतला अल्बम, आणि त्यात फक्त दोन रचना, प्रत्येकी वीसेक मिनिटांची, तीन-तीन भागांत. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत मुद्रित केलेला. मध्येच गुरगुर थांबते आणि सिंथेसायझरचे तरंगते सूर येतात, कारण टँजरिन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बँडचा थॉर्स्टन क्वेश्निंग त्यात पाहुणा आहे. विलंबित ख्याल ऐकणाऱ्या माणसाला इथे धीर धरायला शिकवावे लागणार नाही.

आणि डार्कथ्रोन? त्यांचा ‘इट बेकन्स अस ऑल’ २०२४ च्या एप्रिलमध्ये आला. वेग उतरलेला, जुन्या हेवी मेटलच्या वळणाने जाणारा. त्यांच्यातला फेनरिझ आपल्या गावच्या नगरपालिकेवर पर्यायी (बदली) सदस्य म्हणून निवडून आला होता. मांजर घेऊन फोटो काढला आणि प्रचार केला, ‘मला मत देऊ नका’. लोकांनी दिलेच. गोव्यात असा उमेदवार उभा राहिला तर मी रांगेत पहिला.

आपल्याकडचे सांगायचे तर मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शनने २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाचाच अल्बम काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेक अवतार. परशुरामाच्या भूमीतल्या एकाही पेपराला तेव्हा त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही. बाबांनी ‘मत्स्य’ ऐकून विचारले, “मत्स्य इलो, पण संकासूर खंय?” खरेच की. आमच्या रंगमंचावर वेद चोरणारा तो काळा, लाल जीभ लोंबवणारा संकासूर आल्याशिवाय मत्स्याला काम काय? लहानपणी त्याला बघून मी आजीच्या लुगड्यात तोंड लपवत असे. त्याच्या काळ्या बुरख्यापायी कोणी पालकांना इशारा दिल्याचे मला आठवत नाही.

सगळे नवे ते सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात, आणि दर शुक्रवारच्या ढिगातले बरेचसे एकमेकांच्या नकला असतात. ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ घरच्या साध्या चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित झाला, म्हणून त्यात ती खरखर आहे. आजची पोरे लॅपटॉपवर स्वच्छ मुद्रण करतात आणि वरून खरखर ओततात. ताज्या फर्निचरला वाळवी लावून पुरातन म्हणून विकण्यातला प्रकार. शिवाय या प्रकारात नाझी विचार मिरवणारे काही बँड आहेतच. पालकांना सावध करायचेच असेल तर ते नेमके कोण, हे नाव घेऊन लिहा. त्यासाठी तरी ऐकावे लागेल.

मला हे लिहायचा हक्क काय, असे विचाराल तर एवढेच सांगतो. जूनमध्ये परदेशातून मागवलेली एक रेकॉर्ड भिजलेल्या खोक्यातून आली. वेष्टणावर दोन दिवसांत हिरवी बुरशी. आतली तबकडी पुसून घेतली आणि पुठ्ठा तुमच्याच पुरवणीच्या पानांत दाबून पंख्याखाली वाळवला. पुठ्ठ्यावर आता ‘आजचे भविष्य’ उलट्या अक्षरांत उमटले आहे.

महिन्यातून एका शुक्रवारी दोनशे शब्दांची जागा द्या. एखाद्या मैफलीबद्दल लिहिता तसेच लिहा. आवाज कसा लावला, ठेका कुठे पडला, मुद्रण कसे झाले, कुठे कंटाळा आला. लिहायला कोणी मिळत नसेल तर मी लिहीन, मानधन नको. फक्त मथळ्यात ‘सैतानी’ हा शब्द घालू नये, एवढी अट आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पेडणे