पंजाची जाहिरात छापता, तर त्याचं वजनही छापा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

तुमच्या पेपरात हल्ली मिनी ट्रॅक्टरच्या अवजारांच्या मोठमोठ्या जाहिराती येतात, त्यात लोडर आला, म्हणजे ट्रॅक्टरपुढं बसवून माल उचलायचे हायड्रोलिकचे हात, त्याच्यापुढं लावायचा पंजा पण आला, ज्याला विकणारे ग्रॅपल म्हणतात. ऊस भरायच्या मशीनला असतो तसा, फक्त छोटा. फोटो एकदम झकास असतो, किंमत असते, रंग कोणता मिळेल ते पण असतं, पण पंजाचं वजन किती ते मी आजपर्यंत एकाही जाहिरातीत वाचलेलं नाही. आणि छोट्या ट्रॅक्टरवाल्याला सगळ्यात आधी तेच पाहिजे असतं, हे मला पैसे गेल्यावर कळलं.

माझी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. यंदा दीड एकर जुनी थॉमसन द्राक्षाची बाग काढली, जेसीबीनं खोडं उपटून दिली पण गोळा करायला त्याला तासावर कोण उभा करणार, शिवाय एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या दरवर्षी असतातच, बांधावरची बाभूळ आणि घाणेरी वेगळीच, म्हणून म्हटलं आपल्या २४ एचपीला लोडर आहेच तर पंजा घेऊन टाकू. एका प्रदर्शनात बघितला, पाच फुटी, दोन जबड्यांचा, जाड पत्रा. विकणारा म्हणाला शेठ हा हत्ती आहे, आयुष्यात वाकणार नाही. वाकला नाही हे खरं आहे, ट्रॅक्टरच वाकायला आला.

झालं असं की पोरानं दोन-तीन खोडं काळ्या मातीच्या गड्ड्यासकट उचलली आणि ट्रॉलीत टाकायला पंजा पूर्ण वर नेला, बांधाजवळ वळताना मागचं एक चाक जमीन सोडून वर. त्यानं घाबरून ट्रॅक्टर पळवला नाही, जागेवर थांबून लोडर हळू खाली सोडला म्हणून आज हे पत्र लिहितोय.

दुसऱ्या दिवशी पंजा भंगारवाल्याच्या काट्यावर नेला. २१२ किलो. तो पण विचारतो, विकायचाय का शेठ? आता हिशोब बघा. माझा लोडर कागदावर ४०० किलोचा, पण ते ४०० पिनेपाशी, म्हणजे जिथं बकेट अडकवतात तिथं. माल असतो त्याच्या दीड-दोन फूट पुढं, पाण्याची बादली हात लांब करून धरली की जड लागते तसंच हे, त्यामुळं ४०० चे तिथं ३०० च्या आसपास राहतात. त्यातून पंजाचे २१२ गेले की हातात नव्वदेक किलो. म्हणजे पंजा स्वतःलाच उचलत होता आणि खोडं म्हणजे वरचा बोजा. हाच पंजा चार फुटी आणि एका जबड्याचा घेतला असता तर बरंच लोखंड कमी झालं असतं, आणि २४ एचपीची रुंदी पण साधारण चारच फूट, नऊ फुटी ओळीत वेलांना आधार द्यायच्या वाय आकाराच्या लोखंडी अँगलला न घासता फिरायचं तर त्याच्यापेक्षा रुंद पंजा हवा कशाला. दोन जबडे चांगलेच, एकीकडं जाड खोड आणि एकीकडं बारीक काड्या असल्या तरी दोन्ही घट्ट धरतात, पण ते मोठ्या ट्रॅक्टरला.

मागच्या वजनाबद्दल पण बोलतो कारण आमच्याकडं ह्यात फार गोंधळ आहे. टायरमध्ये पाणी भरलं की झालं असं सगळे म्हणतात. पाण्यानं ट्रॅक्टर बसका होतो हे बरोबर, पण पुढच्या एक्सलवरचा भार त्यानं कमी होत नाही, त्यासाठी वजन मागच्या एक्सलच्या मागं, थ्री पॉइंटला, म्हणजे जिथं अवजार जोडतात तिथं, लटकलं पाहिजे. रोटाव्हेटर लावून ठेवला तरी चालतं. मी अर्धा ड्रम काँक्रीटनं भरून घेतलाय, २०० लिटरचा ड्रम अर्धा भरला की साधारण २४० किलो होतो, वळायला पण रोटाव्हेटरपेक्षा सोपा. आणि माल घेऊन चालताना पंजा गुडघ्याएवढाच वर, पूर्ण उंची फक्त ट्रॉलीपाशी आणि तीही सपाट जागी.

हायड्रोलिकचं विचारून घ्या. लोडरला दोनच कामं असतात, वर-खाली आणि वाकवणं, पंजा उघड-मिट हे तिसरं. त्याला वेगळा वाल्व बसवा किंवा मग बटणावरचा डायव्हर्टर, म्हणजे वाकवायचंच तेल पंजाकडं वळवणारा वाल्व, तो स्वस्त पण त्यात वाकवणं आणि पकडणं एका वेळी होत नाही, बटण दाबून आलटून पालटून करावं लागतं, काड्यांच्या कामाला मला तेवढं पुरतं. जबड्याच्या जॅकला तेल अडवून धरणारा लॉक वाल्व मात्र पाहिजेच, नाहीतर पाइप फुटला की जबडा उघडलाच. पाइप पण आतल्या बाजूनं नेलेले बघा, माझ्या पंजाचे बाहेरून होते, बाभळीनं दुसऱ्याच आठवड्यात एक फाडला.

दातांमधलं अंतर किती ते कामावर. खोडांना जास्त पाहिजे म्हणजे माती खाली गळते, काड्यांना कमी, लांब काड्या एकमेकीत गुंततात म्हणून टिकतात पण तुकडे सगळे रस्त्यात सांडतात. आणि जुन्या बागेच्या ढिगात तारेचे तुकडे असतातच, ते आधी वेचा, पुढच्या एक्सलला गुंडाळले की सील गेलं समजा.

आता अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून चार फुटी करून घेतोय, त्याला पहिलं सांगितलं की वजन १२० च्या वर गेलं तर घेणार नाही. तो हसला, म्हणाला आजपर्यंत सगळे जाड करून द्या म्हणूनच येतात.

तर साहेब विनंती एवढीच की जाहिरात घेताना विकणाऱ्याला पंजाचं वजन आणि तो किती एचपीला आहे हे छापायला लावा, दोन ओळींचा प्रश्न आहे. माझा जुना पंजा शेडमागं पडून आहे, गिऱ्हाईक बघतोय. २१२ किलो, ४५ एचपीच्या खालच्यांनी विचारू नये.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. दिंडोरी, जि. नाशिक